एका दमात हसू, एका दमात रडू

“आत्या, भाकरी करपली.”

“करपू दे मेली! तू इकडं बघ. माझ्या तोंडाकडं बघ.”

हौसाआत्यानं पिठानं भरलेला हात वर केला, बोटांत नसलेली सुई उजेडाकडं धरली, डोळे बारीक केले आणि हसत हसत गायला लागली.

दारी वाजलं पाऊल, माझं हसलं गं दार,
असा कसा बाई वारा, खोटं बोलतो फार…

पहिली ओळ तिनं झकास म्हटली. दुसऱ्या ओळीला डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, ते काही येईना. तिनं डोळे ताणले, ओठ थरथरवले आणि शेवटी हळूच पदरानं चुलीचा धूर स्वतःकडं ओढला.

“हां! फसवतेस!” मी ओरडले.

“मग काय करू बाई? एका दमात हसायचं आणि त्याच दमात रडायचं, हे माणसाचं काम आहे का? ते फक्त कमलिनीबाईलाच जमतं.” तिनं करपलेली भाकरी उलटली. “मला नाही जमलं तर नाही. पण तुला जमलंच पाहिजे. कोल्हापूरला जाऊन माझी अब्रू घालवू नकोस.”

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. कमलिनी सरनोबत ही आमच्या बोरगावची देवी होती, असं म्हटलं तर आमची ग्रामदेवता रागावेल, पण शनिवारी देवळापेक्षा थेटरात जास्त बायका असायच्या हे खरं आहे. शनिवार बाजाराचा दिवस. दुपारी बाजार उरकला की आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायका भाजीच्या पिशव्यांसकट पत्र्याच्या थेटरात घुसायच्या आणि ‘जाईचा मांडव’ बघायच्या. पहिल्यांदा आला तेव्हा तो सिनेमा सोळा आठवडे चालला. नंतर दरवर्षी यायचा, आणि दरवर्षी बायका तेवढ्याच यायच्या. आमच्या सगळ्या भागात त्याची एकच प्रिंट फिरायची. ती आधी बोरगावला लागायची, मग पुढच्या गावांना जायची. आत्यानं तो सिनेमा एकवीस वेळा बघितला होता. मी तिच्या मागं एकानं होते, कारण मला एकदा गोवर आला होता.

आता मी स्वतः गाणं शिकवते, चार भल्या भल्या गायिका ऐकल्यात, तरी सांगते, तसं गाणं मी पुन्हा पडद्यावर बघितलं नाही. दुसऱ्या नट्या गाणं लागलं की हातातलं काम टाकून झाडाला मिठी मारायच्या. कमलिनीबाई काम करत करत गायच्या. आणि स्वतःच्या गळ्यानं गायच्या, उसन्या नाही. लग्नाच्या गाण्यात त्या उखळात हळद कांडतात, तर प्रत्येक घावाला सूर जरासा हलतो. सुईच्या गाण्यात दोऱ्याचं टोक ओठात धरतात, तर तेवढे शब्द दबके येतात आणि टोक काढलं की आवाज मोकळा होतो. हे कुणी मला शिकवलं नव्हतं. वीस वेळा बघून मला कळलं होतं.

आणि सगळ्यावर कळस म्हणजे ती जागा. नवरा परगावी गेलाय, सहा महिने पत्र नाही, ही त्याच्या सदऱ्याला बटण लावत बसलीय. पडदाभर तिचा चेहरा. दारात पाऊल वाजल्यासारखं वाटतं आणि ती अशी काही हसते की थेटरातल्या बायकाही हसायच्या. आणि पापणी लवायच्या आत डोळे भरलेले! मध्ये काही नाही. हसू आणि रडू यांच्यात सूतभर फट नाही. हातातली सुईसुद्धा कधी खाली येते कळत नाही. “काय हात चपळ आहे गं तिचा!” असं आत्या दर शनिवारी म्हणायची. मग सगळं थेटर “वन्स मोअर! वन्स मोअर!” करून पत्रा डोक्यावर घ्यायचं.

हा वन्स मोअर द्यायचं काम माझ्या वडिलांचं. आप्पा थेटरात ऑपरेटर होते. बायका ओरडायला लागल्या की ते मशीन थांबवायचे, रीळ मागं गुंडाळायचे आणि गाणं पुन्हा लावायचे. पाच मिनिटं अंधारात सगळ्या बायका भाजीचे भाव बोलत बसायच्या.

आप्पांना जगात एकाच गोष्टीचा गर्व होता. बत्तीस वर्षांत त्यांच्या हातून रीळ तुटलं नव्हतं. गावोगावच्या थेटरांत खेळ मध्येच बंद पडायचे, शिट्ट्या व्हायच्या, आमच्याकडं कधी नाही. नवीन सिनेमाच्या रिळांची पेटी आली की पहिल्या खेळाआधी सकाळी ते एकटे बसून प्रत्येक रीळ चालवून बघायचे. तेव्हा आत कुणाला जाऊ द्यायचे नाहीत, मलाही नाही. चहाच्या टपरीवर कुणी नवखा भेटला की लोक ओळख करून द्यायचे, “हे राजाराम कुंभार. यांच्या हातून रीळ तुटत नाही.” आप्पा फक्त मिशीत हसायचे.

आई मी पाच वर्षांची असतानाच गेली होती. घर आत्या बघायची आणि मला आप्पा बघायचे, म्हणजे लांबूनच बघायचे. बोलणं कमी. मला सांगलीला गाण्याच्या क्लासला जायचं होतं. तिथं आईच्या बहिणीकडं राहायची सोय होती, मावशी तयार होती. मी तीन वर्षं मागं लागले होते. कोल्हापुरात चित्रपटगीतांची स्पर्धा आहे आणि बक्षीस द्यायला साक्षात कमलिनीबाई येणार आहेत अशी बातमी आली, तेव्हा आप्पा पहिल्यांदा विरघळले.

“गावात सगळेच शाबास म्हणतात,” ते म्हणाले. “बाहेर चार जाणत्यांसमोर गा. पहिल्या तिघांत आलीस तर सांगली. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही. आत्या सांगेल ते स्थळ बघायचं.”

“कबूल,” मी म्हणाले.

“गाणं कुठलं म्हणणार?”

“हे काय विचारणं झालं? सुईचं.”

आप्पांचा चेहरा उतरला. “ते नको. लग्नाचं म्हण. त्यात तुझा आवाज चांगला लागतो.”

“लग्नाचं कुणीही म्हणेल. सुईच्या गाण्यात ती जागा आहे!”

“म्हणूनच म्हणतो, नको.”

मला राग आला. वाटलं, मला जमणार नाही असं यांना वाटतंय. किंवा जमू नये असंच वाटतंय. मग काय, मी हट्टालाच पेटले. दोन महिने मी ती एक जागा घोटली. त्या गाण्याची बाजारात तबकडी निघाली नव्हती, पण मला तबकडीची गरजच नव्हती. मी विहिरीवर गायले, गोठ्यात म्हशीसमोर गायले. हसायचं, आणि तो श्वास सोडायच्या आत रडायचं. पहिल्यांदा नुसतंच तोंड वेडंवाकडं व्हायचं. मग एके दिवशी कळलं की रडू बाहेरून आणायचं नसतं. हसतानाच मनात ठाऊक असायला हवं की दारात कुणी नाही. हसायचंच तसं, की ते मोडणार आहे. ते कळलं त्या दिवशी डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि आत्या हातातली परात टाकून मला मिठी मारायला धावली. आप्पा ओसरीवर बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी एस.टी.त ते पुन्हा म्हणाले, “मालन, लग्नाचं म्हणतेस का?”

मी खिडकीबाहेर तोंड केलं. त्यांनी दोनदा घसा खाकरला आणि तिकिटांची घडी घालत बसले.

कोल्हापुरातलं ते सभागृह माझ्या आयुष्यातलं पहिलं सभागृह. खाली आठशे माणसं. दोन परीक्षक एका टेबलाशी आणि बाजूच्या खुर्चीत, फिकट निळ्या साडीत, चष्मा लावून कमलिनीबाई. पडद्यावर वीस हात मोठा दिसायचा तो चेहरा एवढासाच होता! केस पांढरे होत आले होते. माझ्या आधीचा मुलगा बेसूर गात होता आणि त्या मान डोलावून त्याला धीर देत होत्या. मला तिथल्या तिथं त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

माझं नाव पुकारलं. पेटीवाले एक जाडजूड काका होते. त्यांनी विचारलं, “कुठलं गं?”

“जाईचा मांडवमधलं सुईचं.”

“वा! तोंडपाठ आहे. पुण्यात मी तो दहा वेळा बघितलाय. गा बिनधास्त.”

मी गायला लागले. पहिलं कडवं छान गेलं. दोऱ्याचं टोक ओठात धरल्यासारखे शब्द दबके म्हटले तेव्हा कमलिनीबाई खुर्चीत पुढं सरकल्याचं मला दिसलं. माझं काळीज केवढं झालं म्हणून सांगू! मग ती जागा आली.

दारी वाजलं पाऊल, माझं हसलं गं दार,

मी हसले. आणि त्याच श्वासात,

असा कसा बाई वारा, खोटं बोलतो फार…

डोळे भरून आले, अगदी खरे. तबलेवाला बरोबर समेवर आला, पण पेटी भलतीकडंच गेली. काकांनी काही वेगळेच सूर वाजवले, थांबले, माझ्याकडं बघितलं, पुन्हा शोधायला लागले. माझा सूर तुटला. मी गप्प झाले. सभागृहात कुणीतरी हसलं.

“बाळ,” एक परीक्षक म्हणाले, “दोन ओळी विसरलीस. घाबरलीस का?”

“नाही हो. मी काहीच विसरले नाही.”

“अगं, मध्ये दोन ओळी आहेत,” पेटीवाले काका म्हणाले आणि त्यांनी त्या गाऊनच दाखवल्या.

उठू उठू म्हणताना पाय उठेना गं पर,
कान लावून ऐकते, सारं गप्पच बाहेर…

मी त्या ओळी जन्मात ऐकल्या नव्हत्या. “असं काही त्यात नाहीच,” मी म्हणाले. “मी वीस वेळा बघितलाय सिनेमा. आमच्या गावात कुणालाही विचारा!”

आता सगळं सभागृह हसलं. हसणारच. ज्यांनी गाणं गायलं त्या बाई समोर बसलेल्या आणि ही पोरगी सांगतेय गाण्यात काय नाही ते! मला रडू फुटलं, ते मात्र एका दमात नाही, चांगलं हुंदके देत. सांगली गेली, क्लास गेला, सगळं गेलं असं वाटलं.

“थांबा!”

मागच्या रांगेतून आवाज आला. आप्पा उभे होते. माझे आप्पा, जे गावच्या सभेत कधी तोंड उघडत नाहीत, ते टोपी हातात घेऊन खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आले.

“पोरीची चूक नाही,” ते म्हणाले. “चूक माझी आहे. मी बोरगावच्या थेटरात ऑपरेटर आहे. सिनेमाची पेटी आली त्या दिवशी सकाळी एकटा रीळ चालवून बघत होतो. डोळे पडद्यावर होते, बाईंच्या तोंडावर. मशीनकडं लक्षच राहिलं नाही. खाली रीळ अडकलं आणि त्या दोन ओळींच्या पार चिंध्या झाल्या. मी तेवढं कापलं आणि जोडलं. कुणाला सांगितलं नाही. आमच्या भागात तीच एक प्रिंट फिरती. सगळ्या मुलखाला हे गाणं असंच ठाऊक आहे, माझ्यामुळं.”

बत्तीस वर्षांचा त्यांचा मान त्यांनी आठशे माणसांसमोर, माझ्यासाठी खाली ठेवला होता. मी रडायचीच थांबले.

कमलिनीबाई उठल्या. “पण जोड तालात कसा बसला?” त्यांनी विचारलं. “आत्ता ती गायली तर तबला चुकला नाही.”

“मुद्दाम बसवला,” आप्पा खाली बघत म्हणाले. “फाटलं होतं थोडं कमी. पण तेवढंच कापलं असतं तर ठेका तुटला असता. कानाला बरं वाटेना. म्हणून समेपासून समेपर्यंत कापलं.”

“अहो, मग तुम्ही कसले ऑपरेटर! आमच्या संगीत दिग्दर्शकांना शोधूनही असा कान सापडला नसता,” बाई म्हणाल्या. “आणि गावातल्या लोकांना काय वाटलं? विचित्र नाही वाटलं?”

मीच डोळे पुसत म्हणाले, “आमच्या गावात म्हणतात, एका दमात हसणं आणि त्याच दमात रडणं अख्ख्या जगात फक्त कमलिनीबाईंना जमतं. तिथंच वन्स मोअर पडतो. आप्पा रीळ मागं घेतात आणि पुन्हा दाखवतात.”

बाईंनी चष्मा काढला आणि खुर्चीची पाठ धरून हसायला लागल्या. त्यांचं हसणं थांबेना. पेटीवाले काका हसायला लागले, तबलेवाला, परीक्षक, मग सगळं सभागृह. पण आता ते हसणं मला टोचत नव्हतं. मलाही हसू आलं.

“अगं वेडे,” त्या माइकजवळ येऊन म्हणाल्या, “मला कुठलं जमतंय! हसण्यापासून रडण्यापर्यंत जायला मला त्या दोन ओळी लागल्या होत्या. त्यासुद्धा नऊ वेळा शूटिंग करून. तू आत्ता काय केलंस ते मी कधीच केलेलं नाही.” मग त्यांनी माझा हात धरला. “मला दाखव. शिकव मला.”

आणि खरंच, आठशे माणसांसमोर कमलिनी सरनोबत माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी ती जागा करून बघितली. हसल्या, गायल्या, पण रडू आलं नाही. “छे!” म्हणाल्या. दुसऱ्यांदा केलं, मध्येच हसू फुटलं. “नाही बाई जमत. तू कर.”

मी म्हटलं, “हसतानाच मनात ठाऊक असायला पाहिजे, दारात कुणी नाही म्हणून.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. एकदम गंभीर झाल्या. “हे तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच. वीस वेळा.”

मग मी गायले. पेटीवाल्या काकांनी आमच्या बोरगावचं गाणं वाजवलं, एक सूर इकडंतिकडं झाला नाही. ती जागा आली आणि गेली, आणि वन्स मोअरचा पहिला आवाज कमलिनीबाईंचा होता. मी तीनदा गायले. प्रत्येक वेळी आप्पा मान खाली घालून उभे होते आणि प्रत्येक वेळी समेला त्यांचं बोट टोपीवर पडत होतं, ते मी बघितलं.

पण नंबर आला नाही. परीक्षकांचाही इलाज नव्हता. गाणं पूर्ण म्हणायला हवं असा नियम होता आणि तो सगळ्यांना आधीच वाचून दाखवला होता. बाई म्हणाल्या, “मी परीक्षक नाही गं, पाहुणी आहे.” त्यांनी मला जवळ घेतलं, आप्पांना म्हणाल्या, “हिला शिकवा.” आप्पांनी नुसती मान हलवली. त्या हलवण्यातून काही कळण्यासारखं नव्हतं.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले. मी मनाशी हिशोब केला की पहिल्या तिघांत म्हटलं होतं, कबूल मीच म्हटलं होतं, आता तोंड उघडायची सोय नाही. आनंद तर एवढा झाला होता की मावत नव्हता, आणि त्याच वेळी सांगली हातची गेल्याची हळहळ. जयसिंगपूर मागं पडलं तरी आप्पा पुढच्या सीटच्या दांडीकडं बघत बसलेले.

बोरगावच्या स्टँडवर उन्हं उतरताना आम्ही पोचलो. आत्या तर होतीच, तिच्याबरोबर टपरीवरचे सगळे आणि शनिवारच्या निम्म्या बायका होत्या. मी खाली पाय टाकायच्या आत आत्यानं विचारलं, “नंबर आला का?”

मी आप्पांकडं बघितलं.

“नाही आला,” आप्पा म्हणाले. आणि मग तिथंच, स्टँडवर, सगळ्या गावासमोर त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. रीळ कसं अडकलं, काय फाटलं, कुठून कुठं कापलं. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. टपरीवाल्यानं हातातला कप तसाच धरला होता.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काहीतरीच काय बोलतोस दादा! तू कापल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी येतंय होय? म्हणे मी केलं! ती तिची कला आहे.”

“अगं हौसा, कापलं मी…”

“उगीच मोठेपणा घेऊ नकोस!”

सगळे हसले. आप्पांनी कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांचा गुन्हा कबूल करायला निघालेला माणूस, आणि गावात कुणी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही! मग त्यांनी माझी पिशवी माझ्या हातातून घेतली.

“तुझ्या बहिणीला पत्र टाकायचं राहिलं,” ते पुटपुटले. बहीण म्हणजे आईची. गेलेल्या आईशी ते अजून असंच बोलायचे, तोंडातल्या तोंडात. मग मोठ्यानं आत्याला म्हणाले, “हिचे कपडे भर. सोमवारी साडेसातच्या गाडीनं सांगलीला जायचंय. क्लासला.”

“पण आप्पा,” मी म्हणाले, “तुम्ही म्हणाला होता, पहिल्या तिघांत…”

“नंबर तू नाही घालवलास,” आप्पा म्हणाले. “मी त्या ओळी परत आणू शकत नाही, पोरी. त्यांच्याशिवाय तू जे गायलीस ते मात्र मी तीनदा ऐकलं.”

मी भर स्टँडवर त्यांच्या गळ्यात पडले. सतरा वर्षांत पहिल्यांदा. एका हातात पिशवी, एका हातात टोपी, त्यामुळं त्यांना मला धरता येईना. शेवटी त्यांनी पिशवी खाली टाकली.